किल्ली कोणाच्या हाती? गांधीजींच्या आरोग्यविचाराचे पुनर्वाचन

गांधीजींच्या लेखनापैकी सर्वांत लोकप्रिय ठरलेले पुस्तक कोणते, याचे उत्तर खुद्द गांधीजींनीच देऊन ठेवले आहे आणि ते अनेकांना अनपेक्षित वाटेल. ते ‘सत्याचे प्रयोग’ नव्हे, ‘हिंद स्वराज्य’ही नव्हे. ते आरोग्यावरचे एक छोटे पुस्तक आहे. दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’च्या गुजराती वाचकांसाठी त्यांनी एक लेखमाला लिहिली. पुढे तिचे पुस्तक झाले, ते हिंदुस्थानातल्या अनेक भाषांत गेले आणि इंग्रजीच्या वाटेने युरोपीय भाषांपर्यंत पोहोचले. पूर्वेत आणि पश्चिमेत ते इतके का वाचले गेले हे आपल्याला कधीच उमगले नाही, अशा आशयाचे त्यांनी १९४२ साली लिहिले. त्या वेळी ते याच विषयावर नव्याने लिहायला बसले होते. त्या नव्या लेखनाचे नाव गुजरातीत ‘आरोग्यनी चावी’, इंग्रजीत ‘की टु हेल्थ’. आपण त्याला ‘आरोग्याची किल्ली’ म्हणू.

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही आणि गांधीविचाराचा प्राध्यापकही नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांच्या वेळा सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे आरोग्यावरची जुनी पुस्तके वाचत आलो आहे. मन सुधारा म्हणजे शरीर सुधारेल, औषधांपलीकडे जा, माणसाचा समग्र विचार करा, ही भाषा आज पुस्तकांच्या दुकानात एक अख्खा कप्पा व्यापून बसली आहे. या भाषेचे आपल्याकडचे एक मूळ शोधताना मी पुन्हा पुन्हा या लहानशा पुस्तकाशी येऊन थांबतो. त्याचे कौतुक करणारे ते पूजेला लावतात आणि टीका करणारे हसण्यावारी नेतात. पुस्तक म्हणून, एक संहिता म्हणून ते क्वचितच वाचले जाते. येथे तेवढेच करायचे आहे.

आधी लेखनाची जागा आणि काळ पाहू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तिथेच हृदयविकाराने गेले. पन्नाशीचा माणूस. पंचवीस वर्षांचा सहवास. शुश्रूषेला डॉ. सुशीला नय्यर होत्या, पण काही करण्याइतका वेळ मिळाला नाही. ‘किल्ली’च्या प्रस्तावनेवर तारीख आहे २७ ऑगस्ट १९४२. म्हणजे महादेवभाईंना अग्नी दिल्यानंतर बाराव्या दिवशी, त्याच आवारात, हा बहात्तर वर्षांचा कैदी माणसाने निरोगी कसे राहावे हे लिहू लागतो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत लेखन पूर्ण होते. पुस्तकात या मृत्यूचा मागमूस नाही.

प्रस्तावनेत एक लहानशी गफलत आहे. जुनी लेखमाला १९०६च्या सुमाराची असल्याचे गांधीजी सांगतात. प्रत्यक्षात ती ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आली १९१३ साली. संदर्भग्रंथ हाताशी नसलेल्या माणसाची ही स्मृतीची चूक आहे, पण वाचकाला ती एक गोष्ट सांगून जाते. हे पुस्तक ग्रंथांतून नव्हे, आठवणीतून लिहिलेले आहे. जे चाळीस वर्षे अंगावर करून पाहिले तेवढेच त्यात उतरले आहे. त्याचे बळही हेच आणि मर्यादाही हीच.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात शरीर, हवा, पाणी, आहार, मसाले, चहा-कॉफी, मद्य, अफू, तंबाखू आणि ब्रह्मचर्य. दुसऱ्यात पृथ्वी, पाणी, आकाश, तेज, वायू ही पंचमहाभूते आणि त्यांचे उपचार. निरोगी माणसाची व्याख्या सुरुवातीलाच येते आणि ती फार सुरेख आहे. ज्याला दिवसात दहा-बारा मैल न थकता चालता येते, साधी अंगमेहनत करता येते, साधे अन्न पचते आणि ज्याची इंद्रिये व मन एकमेकांशी जुळलेली आहेत, तो निरोगी. पहिलवानाला या व्याख्येत जागा नाही. आज जिला आपण समग्र आरोग्याची दृष्टी म्हणतो ती इथे एका परिच्छेदात बसलेली दिसते, आणि तीही रक्तदाबाचा आकडा न सांगता, चालण्याच्या अंतरावरून. खेड्यातल्या बाईलाही स्वतःचे आरोग्य मोजता येईल असे हे माप आहे.

उपचारांच्या भागात शिरलो की एक गंमत लक्षात येते. पंचमहाभूतांची मांडणी पाहून वाचकाला वाटते, हे आपल्या परंपरेतून आले. उपचार मात्र जर्मनीतून आलेले आहेत. कटिस्नान आणि घर्षणस्नान ही लाइपझिगच्या लुई कूने यांची. सर्व रोगांचे मूळ एकच, शरीरात साचलेला अनावश्यक मल, आणि म्हणून उपायही एकच, हा त्यांचा सिद्धान्त. मातीची पट्टी आडोल्फ युस्ट यांच्याकडून आली. निसर्गाकडे परत चला असे सांगणारे त्यांचे पुस्तक १८९६ सालचे. गांधीजींनी ते दक्षिण आफ्रिकेत, बद्धकोष्ठाने बेजार असताना वाचले आणि पोटावर मातीची पट्टी ठेवून पाहिली. हे ऋण ते लपवत नाहीत. दोघांची नावे घेतात. पण लाइपझिगच्या टबाला त्यांनी पंचमहाभूतांच्या चौकटीत बसवले आणि त्यामुळे तो टब आपल्याला आपल्या आजोळचा वाटू लागला. आज ‘आपली प्राचीन पद्धत’ म्हणून जे सांगितले जाते त्यातला बराच भाग असा दीड शतकाच्या आतला, युरोपातल्या कारखानी शहरांना कंटाळलेल्या माणसांनी घडवलेला आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण प्राचीनतेच्या जोरावर खराही ठरत नाही.

मग तो कशाच्या जोरावर खरा ठरावा? इथे पुस्तकात दोन आवाज ऐकू येतात. सेवाग्राममध्ये विषमज्वराचे दहाएक रुग्ण मातीच्या पट्ट्यांवर बरे झाले, आता आश्रमात त्या तापाची भीती उरलेली नाही, असे गांधीजी लिहितात. हा पहिला आवाज प्रचारकाचा. त्या काळी विषमज्वराने दगावणाऱ्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे दहा ते वीस टक्के असे. शुश्रूषा चांगली असेल तर दहाच्या दहा रुग्ण औषधाशिवाय उठून बसणे यात चमत्कार नाही. दहा रुग्णांवरून मातीचा गुण सिद्ध होत नाही. पण त्याच प्रकरणात दुसरा आवाजही आहे. ताप आपल्या मुदतीप्रमाणेच उतरला, पट्टीने ताप दरवेळी कमी होतोच असे नाही, मात्र रुग्णाची तगमग कमी झाली, त्याला बरे वाटले, असेही ते नोंदवतात. हा आवाज निरीक्षकाचा आहे. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातली सर्वांत मोलाची जागा ही. रोग बरा होणे आणि रोग्याला बरे वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे एका प्रामाणिक माणसाने पाहिले आहे. दुर्दैव असे, की पाहिले आणि पुढे निघून गेला.

हाच प्रामाणिकपणा त्यांच्यात आधीही होता. आत्मकथेत १९०२च्या मुंबईतल्या मुक्कामाची हकिकत आहे. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, सोबत न्यूमोनियाची लक्षणे. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. गांधीजींनी नकार दिला आणि कूनेची स्नाने, ओल्या चादरीची घडी यांवर मुलाला ठेवले. रात्री चौपाटीवर जाऊन जिवाची घालमेल शमवण्याचा प्रयत्न केला. मुलगा वाचला. पण तो देवाच्या कृपेने वाचला, पाण्याने, की आहार व शुश्रूषेने, हे कोण सांगू शकेल, असा प्रश्न त्यांनी स्वतःच केला आहे. हा प्रश्न ‘किल्ली’त हवा होता. तिथे तो नाही.

‘किल्ली’ची कसोटी मात्र तिच्या लेखनस्थळीच लागली. कस्तुरबा त्याच पॅलेसमध्ये कैदेत होत्या. जुना खोकला, मग हृदयाचे झटके, शेवटी न्यूमोनिया. उपचाराला डॉ. सुशीला नय्यर आणि स्वतः कैदी असलेले डॉ. गिल्डर. निसर्गोपचाराचे डॉ. दिनशा मेहता यांना येण्याची परवानगी मिळाली. बांना वैद्याचे औषध हवे होते, म्हणून लाहोरहून पंडित शिव शर्मा आले. रात्री आत थांबण्याची परवानगी नव्हती तेव्हा ते दाराबाहेर मोटारीत झोपले आणि त्यासाठी गांधीजींना सरकारशी पत्रव्यवहार करावा लागला. एका खाटेभोवती तीन शास्त्रे उभी होती. शेवटी देवदास गांधींनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवले. त्या युद्धकाळात ते दुर्मीळ होते. ते दर काही तासांनी टोचावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावून परावृत्त केले. आता आईला शांतपणे जाऊ दे, ही त्यांची भूमिका. २२ फेब्रुवारी १९४४च्या संध्याकाळी बा गेल्या. त्या दिवशी महाशिवरात्र होती.

या निर्णयावरून गांधीजींना खलनायक ठरवणारे लेखन आजही होते. ते मला पटत नाही. हृदय आणि मूत्रपिंडे थकलेल्या, पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या स्त्रीला पेनिसिलिनने वाचवले असते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि अखेरच्या घडीला सुया थांबवणे हा निर्णय आज अनेक सुजाण डॉक्टरही घेतात. पण टीकाकाराला दुसरी बाजूही मांडावी लागते. सहा आठवड्यांनी गांधीजींना हिवताप झाला. ताप १०५ अंशांपर्यंत गेला. आधी त्यांनी फळांच्या रसावर आणि उपवासावर भिस्त ठेवली, क्विनाइन नाकारले. दोन दिवसांनी ते घेतले आणि ताप उतरला. त्याआधी १२ जानेवारी १९२४ रोजी ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली होती. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. १९०९च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर जळजळीत टीका करणाऱ्या माणसाचा जीव इस्पितळातच वाचला. पुढे मे १९४७मध्ये पाटण्यात नात मनू हिला तोच विकार झाला. निसर्गोपचार करून पाहिले आणि अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. गांधीजी तोंडाला पट्टी बांधून शेजारी उभे होते.

हे दाखले ढोंग दाखवण्यासाठी मी देत नाही. उलट, ज्या क्षणी गरज पडली त्या क्षणी हा माणूस आपल्या सिद्धान्तापेक्षा मोठा झाला, असेच मला दिसते. माझा आक्षेप संहितेवर आहे. जगण्यात कंदील, क्विनाइन आणि शस्त्रक्रिया यांना जागा मिळाली, पुस्तकात मिळाली नाही. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर सुशीला नय्यर यांनी केले, ते १९४८ साली नवजीवनने प्रसिद्ध केले. आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेली, बांच्या उशाशी बसलेली ही डॉक्टर. त्या भाषांतराला एखादी टीप जोडली असती, कुठे थांबावे आणि कुठे डॉक्टरला हाक मारावी हे सांगणारी, तर पुढच्या तीन पिढ्यांच्या वाचकांवर उपकार झाले असते.

थांबावे कुठे, हा प्रश्न १९४६ नंतर अधिकच तीव्र झाला. ‘हरिजन’ पुन्हा सुरू झाले आणि गांधीजी त्यात रामनामावर उपचार म्हणून लिहू लागले. माती, पाणी, ऊन ही शरीरासाठी. रामनाम हा सर्व रोगांवरचा, मनाच्या आणि शरीराच्याही, अखेरचा उपाय. मनाच्या शांतीचा शरीरावर परिणाम होतो, एवढेच म्हणणे असते तर वाद नव्हता. पण रामनाम अंतःकरणातून घेतले तर रोग टिकूच नये, ही त्यापुढची पायरी. आणि टिकलाच तर? तर ते अंतःकरणातून घेतले गेले नाही. गांधीजींनी हा नियम स्वतःलाही लावला. आपण रोगाने, अगदी एखाद्या पुटकुळीने जरी मेलो, तरी हा खोटा महात्मा होता असे घराच्या छपरावरून ओरडून सांग, असे त्यांनी मृत्यूच्या आदल्या रात्री मनूला बजावले होते. स्वतःला लावलेला नियम म्हणून यात तेज आहे. पण तोच नियम दुसऱ्या आजारी माणसाला लावला की तो आरोपपत्र होतो.

आजच्या कप्प्यातल्या पुस्तकांनी गांधीजींचा देव वगळला, उपवास वगळला, अंगमेहनत वगळली. हा नियम मात्र तेवढा ठेवला. लुईस हे यांच्या १९८४च्या ‘यू कॅन हील युवर लाइफ’ या जगभर खपलेल्या पुस्तकात आजारांची यादी आहे आणि प्रत्येकासमोर त्यामागचे संभाव्य मानसिक कारण छापले आहे. कॅन्सरसमोर मनात साठलेला जुना सल. माझ्या मावसबहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा कोणीतरी प्रेमाने तिला एका शिबिरात नेले. तिथे तिला वही देऊन, ज्यांना तुम्ही क्षमा केलेली नाही त्यांची नावे लिहा, असे सांगण्यात आले. तिने सासूचे नाव लिहिले, मग खोडले. मोठ्या भावाचे लिहिले, तेही खोडले. केमोच्या चौथ्या फेरीनंतर ती मला म्हणाली, “दादा, नाव सापडत नाही म्हणजे मी बरी होणार नाही का रे?” रोग शरीरात होता, शिबिराने त्याला अपराधाची जोड दिली. याच बहिणीला रुग्णालयातल्या एका परिचारिकेने शिकवलेला संथ श्वसनाचा साधा प्रकार फार उपयोगी पडला. सुई लागण्याआधी ती तो करी, हात थरथरायचा थांबे. दोन्ही उपाय ‘मनाचे’च होते. एकाने तिच्याकडून काही मागितले नाही, दुसऱ्याने हिशेब मागितला.

सुसान सोंटाग यांनी स्वतः कॅन्सरशी झुंजताना १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ लिहिले ते नेमके या हिशेबाविरुद्ध. रोगाला स्वभावाचे फळ मानले की रोग्याचे दुःख दुप्पट होते, हा त्यांचा मुद्दा. त्यानंतरच्या संशोधनाने जे दाखवले ते मला सारखे सेवाग्रामच्या मातीच्या पट्टीची आठवण करून देते. १९८९मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करत, त्या इतरांहून सरासरीने जास्त जगल्या. जगभर गाजावाजा झाला. मनाने कॅन्सर हरतो अशी भाषणे सुरू झाली. मग त्याच स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर तो प्रयोग पुन्हा केला. २००७ साली आलेल्या निष्कर्षात एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. अशा गटांनी क्लेश कमी होतात, वेदना सुसह्य होतात, हे मात्र टिकून राहिले. ताप मुदतीनेच उतरतो, तगमग कमी होते. १९४२च्या त्या निरीक्षकाने हेच लिहून ठेवले होते. औषधांपलीकडच्या उपायांचे खरे क्षेत्र हे आहे आणि ते लहान नाही. तगमग ज्याने भोगली आहे त्याला विचारावे. पहिले भाषण लाखोंनी ऐकले, दुसरा निष्कर्ष फारसा कोणी सांगितला नाही.

‘ताण’ या शब्दाचेही असेच झाले. कॅनडात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये एक लहानसे टिपण लिहिले. थंडी, इजा, विष अशा निरनिराळ्या आघातांना प्राण्याचे शरीर एकाच ठरावीक रीतीने तोंड देते, असे त्यात होते. पुढे त्याला ‘स्ट्रेस’ हे नाव मिळाले. म्हणजे मूळ कल्पनेत आघात बाहेरून येतो. आपल्या मराठी शब्दात तर हे अधिकच स्पष्ट आहे. दोराला ताण यायचा तर दोन्ही टोकांना कोणीतरी हवे. तरीही आजच्या ताणमुक्तीच्या वर्गात एकच टोक दिसते, आपल्या हातातले. ते सैल सोडा, असे सांगतात. दुसऱ्या टोकाला कर्जाचा हप्ता आहे, रात्रपाळी आहे, हंड्याची रांग आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि नेमके हे दुसरे टोक गांधीजींनी पाहिले. त्यासाठी मात्र पुस्तक मिटून उरुळीकांचनला जावे लागते.

‘किल्ली’त एक आहारतक्ता आहे. बैठे काम करणाऱ्या माणसाने रोज गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच, कच्ची भाजी एक, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस घ्यावी, आणि फळे आवडीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे. दोन पौंड म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम दूध. हा तक्ता १९४२ सालचा आहे. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भाताच्या पेजेवाचून मेली. ज्या देशात हे पुस्तक वाचले जाणार होते तिथल्या बहुसंख्य घरांत औषध महाग होते हे खरे, पण पथ्य त्याहून महाग होते. ‘ऐपतीप्रमाणे’ या एका शब्दावर पुस्तकातली सगळी किल्ली अडकून पडते.

१८ नोव्हेंबर १९४५ रोजी गांधीजींनी अखिल भारतीय निसर्गोपचार प्रतिष्ठानच्या करारपत्रावर सही केली. केंद्र पुण्यात, दिनशा मेहतांचे रुग्णालय. पण काही महिन्यांतच त्यांच्या लक्षात आले, की शहरातल्या या रुग्णालयात गरीब येणार नाही. गरिबांची संस्था शहरात उभारायला निघालो हा आपला मूर्खपणा, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि मार्च १९४६मध्ये ते पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या उरुळीकांचनला गेले. २२ ते ३० मार्च असे जेमतेम आठ-नऊ दिवस. रुग्ण तपासले. रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, दूध, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी असे उपाय सांगितले. पण त्याच दिवसांत गावच्या स्वच्छतेचाही विषय निघाला. खेड्यात जे मिळते त्यातूनच उपचार झाला पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. मग ते दिल्लीला त्रिमंत्री मंडळाशी वाटाघाटी करायला निघून गेले.

मागे राहिले मणिभाई देसाई. पुढे विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे तिथे आले. मणिभाईंच्या पुढे जो प्रश्न उभा राहिला तो ‘किल्ली’च्या लेखकापुढे कधी उभा राहिला नव्हता. रुग्णाला दूध सांगायचे, तर दूध आणायचे कुठून? म्हणून आश्रमात गीर गाई आल्या. गाई आल्या तर चारा हवा, चाऱ्याला पाणी हवे, पाण्याला विहीर हवी. नुसती रोग्याची नव्हे, गावाची गाय सुधारायला हवी. या वाटेने चालत १९६७मध्ये त्याच उरुळीत ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली आणि संकरित गाईंचा कार्यक्रम राज्याबाहेरही पोहोचला. मणिभाईंना १९८२चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या ग्रामसेवेसाठी. संकरित गाई, गोठवलेले रेत, पशुवैद्यकाची प्रयोगशाळा यांत ‘निसर्गाकडे परत’ जाण्याचा अंशही नव्हता, आणि त्यावर आक्षेप घेता येतील. पण निसर्गोपचाराच्या एका चिठ्ठीवरचा ‘दूध’ हा शब्द गंभीरपणे घेतला, की वाट कुठे जाते हे यातून दिसते.

‘समग्र’ या शब्दाचा माझ्या लेखी हा खरा अर्थ. शरीरासोबत मन पाहणे ही समग्रतेची सुरुवात झाली. आजचा बाजार तिथेच थांबतो, त्याची समग्रता कातडीपाशी संपते. उरुळीची समग्रता गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत आणि संडासापर्यंत गेली. २०१८पासून केंद्र सरकार निसर्गोपचार दिवस साजरा करते, तो १८ नोव्हेंबरला. म्हणजे गांधीजींनी शहरातल्या संस्थेच्या कागदावर सही केली तो दिवस. ज्या दिवशी ते ती वाट सोडून खेड्यात गेले, तो २२ मार्च आपण निवडला नाही. निवडीत हेतू नसेलही, पण आपल्याला कोणते गांधी सोयीचे वाटतात हे त्यातून कळते.

तर मग ‘आरोग्याची किल्ली’ आज कशी वाचावी? वैद्यकाचे पुस्तक म्हणून वाचू नये. विषमज्वराला आज प्रतिजैविके आहेत आणि पोटावर माती ठेवून वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. मनाच्या सामर्थ्याचे पुस्तक म्हणूनही वाचू नये. ती वाट आजारी माणसाला अपराधी ठरवून संपते. ते एका निरीक्षकाची वही म्हणून वाचावे. दहा मैल चालता येणे हे आरोग्याचे माप आणि तगमग कमी होणे हे उपचाराचे माप, या त्यातल्या दोन नोंदी ऐंशी वर्षांनंतरही पक्क्या आहेत. औषधांपलीकडचा कोणताही उपाय घेऊन कोणी आपल्या दारात आला, तर त्याला या वहीच्या आधारे काही साधे प्रश्न विचारता येतील. तुम्ही रोग बरा करणार आहात की मला बरे वाटायला लावणार आहात? गुण आला नाही तर दोष कोणाचा? आणि तुम्ही जे पथ्य सांगता ते माझ्या घरी येणार कुठून?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या आहारतक्त्यात नाही. वस्तू आहे, वजन आहे, पण ते पुरवायचे कोणी याचा रकाना नाही. गांधीजींनी तो पुस्तकात आखला नाही. उरुळीत आठ दिवस राहून त्यांनी तो आखायला घेतला आणि एका तरुणाच्या हाती सोपवून ते गेले. त्या रकान्यात मणिभाईंनी पहिली नोंद केली ती गाईची.